मागे बसणाऱ्याला विचारून घ्यायचे शॉकअप

प्रश्न (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून):

माझी गाडी नऊ वर्षांची, दीडशे सीसीची, मागे दोन शॉकअप असलेली. 62,000 किलोमीटर झालेत, शॉकअप गाडीसोबत आलेलेच आहेत. माझं वजन 78 किलो, पत्नीचं 64. वर्षभरापूर्वी ती मागे असताना गतिरोधकावर गाडी ‘ठक्क’ करून खाली आपटायला लागली, म्हणून दोन्ही शॉकअपची रिंग शेवटच्या, पाचव्या खाचेवर नेली. आपटणं थोडं कमी झालं, पण बंद झालं नाही. आता एकटा असलो की गाडी मागून लाथ मारते. डाव्या शॉकअपमधून तेलही येतंय. पत्नीची पाठ दुखते, आताशा लांब जायचं म्हटलं की ती ‘तुम्हीच जा’ म्हणते. मेकॅनिक म्हणतो, वरच्या वर्गातल्या जड गाडीचे जाड स्प्रिंगचे शॉकअप टाकू. मित्र म्हणतो, गॅसचा डबा असलेले आणि इंचभर लांब घे. आणखी एक जण म्हणतो, एकच गळतोय तर एकच बदल. सर्वांत कडक कोणते घेऊ, तेवढं सांगा.

उत्तर:

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य शॉकअपबद्दलचं नाहीच. ‘तुम्हीच जा’ हे ते वाक्य. पाठ दुखते म्हणून माणूस हळूहळू मागची सीट सोडतो, आणि पुढे बसलेल्याला कळतसुद्धा नाही की नेमकं काय बिघडलं. तुम्हाला ते कळलंय आणि तुम्ही त्यावर काही करू पाहताय, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते आहे. असेच प्रश्न विचारणारी आणखी तीन-चार पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांनाही हेच लागू पडेल.

तुम्ही ‘सर्वांत कडक’ मागताय, कारण तुमच्या मते गाडी आपटते म्हणजे स्प्रिंग मऊ पडली. तुमच्याच पत्रातली माहिती मात्र वेगळं सांगते. ते आकड्यांत बघूया.

तुमच्यासारखी गाडी पेट्रोलसकट साधारण 145 किलोची धरू. त्यातला निम्मा भार मागच्या चाकावर येतो. चाक, ब्रेक, चिमटा (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दुहाती सांगाडा) यांचं वजन स्प्रिंगवर येत नाही, ते वजा केलं की स्प्रिंगवर उरतात साधारण 54 किलो. तुम्ही बसलात की तुमच्या वजनाचा दोनतृतीयांशाच्या आसपासचा भाग मागे जातो. कपडे-हेल्मेटसकट तो 51-52 किलो धरा. म्हणजे एकट्याने चालवताना मागच्या दोन्ही स्प्रिंगवर मिळून सुमारे 105 किलो. आता पत्नी बसल्या. मागे बसणारा माणूस जवळजवळ मागच्या ॲक्सलच्या वरच बसतो, त्यामुळे त्याचं बहुतेक सगळं वजन मागच्याच चाकावर पडतं. 105 चे 170 होतात. गाडीचं एकूण वजन पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढलं असं आपल्याला वाटतं, पण मागच्या स्प्रिंगच्या दृष्टीने भार दीडपटीहून जास्त झालेला असतो. डबलसीटचं सगळं दुखणं इथून सुरू होतं.

दोन्ही स्प्रिंग मिळून 1 मिलिमीटर दबायला 3 किलो लागतात आणि चाकाला वर-खाली व्हायला एकूण 100 मिलिमीटर जागा आहे असं समजा. दीडशेच्या वर्गातल्या गाडीला हे आकडे फार लांबचे नाहीत. पहिल्या खाचेवर, म्हणजे स्प्रिंग आधीच 5 मिलिमीटर दाबून ठेवलेली असताना, तुम्ही एकटे बसलात तर गाडी 30 मिलिमीटर बसेल. जाणकार याला ‘सॅग’ म्हणतात. एकूण जागेच्या तीसेक टक्के सॅग म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला अगदी योग्य. पत्नी बसल्यावर तीच गाडी 52 मिलिमीटर बसते. खड्डा यायच्या आधीच निम्मी जागा संपलेली.

पाचव्या खाचेने काय होतं? स्प्रिंग कडक होत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की मी तो पुन्हा सांगते: रिंग फिरवल्याने साध्या स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही बदलत नाही. ती आधीपासून जास्त दाबून ठेवली जाते, त्यामुळे गाडी तेवढी वर उचलली जाते, इतकंच. शेवटच्या खाचेवर स्प्रिंग आणखी 15 मिलिमीटर दाबली गेली असं धरलं, तर दोघं बसल्यावर गाडी 37 मिलिमीटर बसेल. पण तुम्ही एकटे असाल तर फक्त 15. आणि गाडी नुसती उभी असेल तर ती अजिबात बसणार नाही, शॉकअप पूर्ण लांबलेलाच राहील. खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरत नाही, ते हवेत राहतं, मग रस्त्याला टेकताना हिसका देतं. एकट्याने चालवताना तुम्हाला बसते ती लाथ बरीचशी हीच.

आता गंमत बघा. पाचव्या खाचेवर दोघं बसल्यावर तुमच्या गाडीला अजून 60 मिलिमीटरच्या वर जागा शिल्लक असायला हवी. बेताच्या वेगात घेतलेल्या गतिरोधकाला तेवढी पुरते. तरीही ती आपटते. मग खाली येणाऱ्या त्या वजनाला अडवायला स्प्रिंगच्या जोडीला जो असायला हवा, तोच जागेवर नाही. तो म्हणजे तेल.

शॉकअपमध्ये दोन कामं दोघांकडे असतात. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का ती गिळून टाकत नाही. साठवते आणि तितक्याच जोराने परत देते. तो जोर मुरवायचं काम आतल्या तेलाचं. दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक भोकांमधून आणि पातळ पत्र्यांच्या झडपांमधून वाट काढतं, धक्क्याची ताकद उष्णतेत जाते. लांब फेरीनंतर चांगल्या शॉकअपला हात लावला तर तो कोमट, कधी चांगलाच गरम लागतो, तो यामुळे. 62,000 किलोमीटरनंतर ते तेल पातळ झालेलं असतं, सील झिजलेलं असतं, आणि तुमच्या डाव्या बाजूला तर तेल बाहेरच पडतंय. स्प्रिंग पोलादाची, ती सहसा इतक्या लवकर थकत नाही. तुमची स्प्रिंग बहुधा ठीक आहे, तिला आवरणारं कोणी उरलेलं नाही.

आता विचार करा. असं असताना तुम्ही सर्वांत कडक स्प्रिंग आणलीत तर काय होईल? ‘ठक्क’ बंद होईल, तुम्हाला समाधान वाटेल. आणि पत्नीच्या पाठीला आजवर अधूनमधून बसणारा मोठा दणका जाऊन दर दहा फुटांवर छोटा दणका बसायला लागेल. आगीतून फुफाट्यात.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. कितीतरी वर्षं गाडी मीच चालवायचे आणि बहीण मागे असायची. गाडी हिंदकळते म्हणून मी कडक स्प्रिंगचे शॉकअप बसवले. वळणावर गाडी अशी चिकटून जायला लागली की मी खूश होते. बहीण काही बोलायची नाही, फक्त उतरल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून क्षणभर तशीच उभी राहायची. महिन्याभराने माझा हात दुखावला म्हणून तिने गाडी चालवली आणि मी मागे बसले. रस्ता रोजचाच होता. पहिल्या पाच मिनिटांत कळलं की ही माझी गाडीच नाही. पुढे बसणारा दोन चाकांच्या मध्ये असतो, मागचं चाक जितकं उडतं त्याचा दोनतृतीयांशाच्या आसपासचाच भाग त्याच्यापर्यंत पोचतो. मागे बसणारा चाकाच्या डोक्यावर असतो, त्याला सगळंच्या सगळं मिळतं. पुढच्याला खड्डा दिसतो, तो पायांवर भार घेतो, सीटवरून जरा उठतो. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. दणका बसतो तेव्हा त्याचा कणा सैल, बेसावध असतो. त्या दिवशी घरी पोचल्यावर मीही कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

तेव्हा पहिली विनंती: काही विकत घ्यायच्या आधी पत्नीला नीट विचारा. ‘पाठ दुखते का’ एवढंच विचारून भागायचं नाही. दणका खालून एकदम वर येतो, की खाली गेल्यावर सीट वर फेकते? पहिलं असेल तर गाडी आपटते आहे किंवा धक्का झेलणं फार कडक आहे. दुसरं असेल तर परत येणारी स्प्रिंग आवरत नाही. पाठ पहिल्या दहा मिनिटांतच दुखते की तासाभराने? तासाभराने दुखत असेल तर शॉकअपइतकाच संशय सीटवर घ्या. मागच्या भागावर मूठ ठेवून अंगाचा भार टाका. बोटांच्या सांध्यांना खालचा कडक पत्रा किंवा प्लॅस्टिक जाणवलं तर फोम मेलेला आहे, आणि नव्या फोमचा खर्च शॉकअपच्या मानाने किरकोळ असतो. धरायला नीट काही आहे का, पाय ठेवायला फूटरेस्ट इतकं उंच तर नाही की गुडघे दुमडून बसावं लागतं? आणि दुखणं कमरेतून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर शॉकअप राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा.

मग एक सकाळ गाडीला द्या. मोजायला टेप हवी, शिवाय एक गाडी धरायला आणि एक मोजायला अशी आणखी दोन माणसं हवीत.

गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी राहिलं पाहिजे. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. हे अंतर लिहून ठेवा. मग गाडी स्टँडवरून उतरवा, मागून दोनदा दाबून सोडा, नुसत्या गाडीचं अंतर मोजा. मग तुम्ही रोजच्या कपड्यांत, हेल्मेटसकट, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा. गाडी दुसऱ्याने पुढून सरळ धरायची. शेवटी पत्नीही बसतील. चार आकडे झाले. पहिल्यातून बाकीचे वजा केले की गाडी कोणत्या अवस्थेत किती बसते ते कळेल. हे पहिल्या खाचेवर करा आणि पाचव्या खाचेवरही करा. वर मी धरलेले आकडे बाजूला ठेवून तुमचे खरे आकडे हातात आले की दुकानात कोणी काहीही सांगो, तुम्हाला बोलायला आधार असेल.

त्याच वेळी मागून गाडी जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदाच स्थिर झाली तर तेल जिवंत आहे. दोन-तीनदा डुलली तर संपलंय. शॉकअपचा चकचकीत दांडा दिसत असेल तर त्यावर एक पातळ केबल टाय हलक्या हाताने आवळा आणि डबलसीट एक फेरी मारून या. टाय दांड्यावर जिथवर सरकली तिथवर शॉकअप दबला. अगदी टोकाच्या रबरापर्यंत गेली असेल तर तो ‘ठक्क’ तिथलाच. गेली नसेल आणि तरी आवाज येत असेल, तर तो बुशचा (सांध्यातल्या नळीचा), चिमट्याचा किंवा मेन स्टँडचा असू शकतो. नऊ वर्षांच्या गाडीला चिमट्याचे बुश नक्की तपासा. मेन स्टँडवर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खट्‌खट् लागलं तर ते काम शॉकअपच्या आधी करायचं, नाहीतर नव्या शॉकअपवर पैसे घालूनही गाडी वळणावर शेपूट हलवेल.

मागच्या टायरमधली हवा या सगळ्याच्याही आधी बघा. बऱ्याच गाड्यांना डबलसीटसाठी मागे तीन-चार पीएसआय जास्त हवा सांगितलेली असते, ती पुस्तिकेत किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर दिलेली असते. पुस्तिका हातात आहेच तर भारमर्यादाही वाचा. गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. अनेक लहान गाड्यांना जे उरतं ते दीडशे किलोच्या आसपास असतं. तुम्ही दोघं कपड्यांसकट 146 च्या घरात आहात. मागे पेटी लावून त्यात सामान भरलं तर मर्यादा ओलांडली जाईल, आणि जाड शॉकअप बसवले म्हणून ती मर्यादा वाढत नाही. रिम, ब्रेक, चासी तेच असतात. त्यातून पेटी ॲक्सलच्याही मागे असते, त्यामुळे ती पुढचं चाक हलकं करते. सामान न्यायचंच असेल तर जड वस्तू दोघांच्या मध्ये किंवा टाकीवरच्या पिशवीत ठेवा.

आता तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांकडे येते.

एकच शॉकअप बदलायचा विचार सोडून द्या. दोन्ही मिळून एकच चाक धरतात. एक बाजू आवरणारी आणि दुसरी सैल असेल तर चिमट्याला दर खड्ड्याला पीळ बसतो. जोडीच घ्यायची, आणि दोन्हींची खाच कायम सारखी ठेवायची.

वरच्या गाडीचे शॉकअप हा मेकॅनिकचा सल्ला वाईट हेतूचा नाही. वर्कशॉपमध्ये हे सर्रास चालतं आणि काही वेळा जमूनही जातं. पण जमलं की नाही हे बघायच्या गोष्टी तो सहसा सांगत नाही. वरच्या आणि खालच्या डोळ्यांच्या, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकांच्या, मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी तुमच्या जुन्या शॉकअपइतकीच आहे का? बोल्टचा व्यास तोच आहे का, की बुश ठोकून बसवावं लागणार? पूर्ण दबल्यावर तो तुमच्या शॉकअपपेक्षा जास्त आखूड तर होत नाही ना? तसं झालं तर तुमचं टायर मडगार्डला घासेल. सगळ्यात मुख्य म्हणजे आतलं तेल त्या जड गाडीच्या जाड स्प्रिंगला आवरायला बेतलेलं असतं, आणि तो शॉकअप त्या गाडीवर वेगळ्या कोनात बसतो. तुमच्या हलक्या गाडीवर एकट्याने तो लाकडासारखा वाटेल. मी हा मार्ग घेणार नाही.

लांब शॉकअपचा सल्ला मात्र साफ चुकीचा आहे. इंचभर म्हणजे 25 मिलिमीटर. मागची बाजू तेवढी उचलली की सगळी गाडी पुढे झुकते, हँडलचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो आणि सरळ रस्त्यावर गाडी चंचल होते. मेन स्टँडवर घेतल्यावर चाक जमिनीला टेकायला लागतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, चेनचा कोन बिघडतो. आणि पाठ दुखणाऱ्या माणसाला पाय टाकून चढायला सीट आणखी एक इंच वर. लांबी कंपनीचीच ठेवा.

गॅसचा डबा. यात तथ्य आहे, म्हणून थोडं थांबते. शॉकअप भरभर वर-खाली झाला की तेलात हवा मिसळून फेस होतो. फेस दबतो, तेल दबत नाही, त्यामुळे फेस झालेला शॉकअप अचानक पोकळ पडल्यासारखा वाटतो. खराब रस्त्यावर वीस मिनिटांनी गाडी डुलायला लागली, थोडं थांबल्यावर पुन्हा बरी झाली, तर ते हेच. द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने 1950 च्या दशकात तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये सरकता दट्ट्या घालून दोघांना वेगळं ठेवलं. आजचे चांगले नायट्रोजनवाले शॉकअप याच तत्त्वावर चालतात. बाहेरच्या डब्याने तेल जास्त मावतं, ते उशिरा तापतं. दोघं आणि सामान घेऊन तासन्‌तास खराब रस्त्याने जाणाऱ्याला याचा खरा फायदा आहे. पण डबा दिसला म्हणजे काम झालं असं नाही. काही स्वस्त शॉकअपवरचा डबा नुसता शोभेचा असतो, आत तेलाशी त्याचा संबंध नसतो. विचारा: यात गॅस आणि तेल वेगळं आहे का, दाब किती भरलाय, सील बदलून पुन्हा भरून मिळतो का? तिन्ही उत्तरं सरळ आली नाहीत तर डब्याचे पैसे देऊ नका. शिवाय डबा सायलेन्सरला किंवा मागे बसणाऱ्याच्या पोटरीला लागत नाही ना, हेही बघा.

मग घ्यायचं काय? ते तुम्ही दोघं किती वेळा एकत्र जाता यावर आहे. मागच्या महिन्यातल्या फेऱ्या आठवून खरंच मोजा, कारण मनातला आकडा आणि खरा आकडा यांत फार फरक निघतो. दहातल्या आठ फेऱ्या तुम्ही एकटेच करत असाल, तर स्प्रिंगचा कडकपणा कंपनीचाच ठेवा. तेल चांगलं असलेली, शक्य तर सील बदलून पुन्हा भरता येणारी नवी जोडी घ्या, आणि दोघं असाल तेव्हा खाच वाढवा. इथे लोक कंटाळा करतात आणि रिंग कायम एकाच खाचेवर गंजून बसते. म्हणून हूक पाना (रिंग फिरवायचा आकडेदार पाना) सीटखाली ठेवा, रिंगवर वर्षातून दोनदा तेलाचा थेंब सोडा, आणि पुढची फेरी एकट्याची असेल तर खाच परत खाली आणा.

निम्म्याहून जास्त फेऱ्या डबलसीट असतील तर 15 ते 20 टक्के कडक स्प्रिंग घ्या, त्याहून जास्त नाही. माझ्या वरच्या हिशोबात 3 च्या जागी 3.6 किलो टाकून बघा. पहिल्या खाचेवर तुम्ही एकटे 24 मिलिमीटर बसता, दोघं 42. मधल्या खाचेवर दोघं 35 च्या आसपास येता. दोन्ही अवस्था सुसह्य. स्प्रिंग बदलली की तिला परत येताना आवरणारं तेलही त्या मापाचं लागतं, म्हणून नुसती जाड स्प्रिंग जुन्या शॉकअपवर चढवायची नाही. आणि विक्रेत्याला गाडीचं मॉडेल सांगून थांबू नका. ‘मी 78, मागे 64, आठवड्यातून इतक्या फेऱ्या’ असं सांगा. चांगला विक्रेता हे स्वतःहून विचारतो. न विचारणाऱ्याकडून मी घेत नाही.

वरचे वेढे जवळजवळ आणि खालचे विरळ, अशी स्प्रिंगही मिळते. आधी जवळचे वेढे मिटतात, मग स्प्रिंग कडक होत जाते. एकट्याला मऊ, दोघांना घट्ट. रोज कधी एकटे, कधी दोघं अशी सरमिसळ असेल तर ही तडजोड मला पटते. फक्त एक लक्षात घ्या: पत्नी बसल्या की सुरुवातीचा मऊ भाग आधीच मिटलेला असतो. मऊपणा तुमच्या वाट्याला येतो, त्यांना मिळतो तो घट्ट भाग. त्यामुळे ही घेण्याआधी तशी स्प्रिंग असलेल्या कुणाच्या गाडीवर त्यांना मागे बसवून आणा.

परत येण्याचा वेग कमी-जास्त करायचा स्क्रू असलेले शॉकअप परवडत असतील तर त्यावर हात आखडता घेऊ नका. सगळ्या सोयींमध्ये डबलसीटसाठी मला हीच सर्वांत उपयोगी वाटते. स्क्रू फिरवताना ‘टिक’ वाजते ती एक टिक, म्हणजे एक पायरी. मधल्या टिकेवरून सुरुवात करा. खड्ड्यानंतर मागची सीट वर फेकत असेल तर दोन टिका आवळा. ओळीने खड्डे आले आणि गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक खाली-खाली बसत चालली, तर जास्त आवळलंय, स्प्रिंगला परत यायला वेळ मिळत नाही. दोन टिका सोडा.

बसवताना एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी बाजू चिमटा जागेवर धरून ठेवते. वायसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा. दोघं बसून, गाडी दाबून, शॉकअप कुठे घासत नाही ना बघा. मग चेन. माणसं बसली की चिमटा आडवा होत जातो. पुढचं दातेरी चाक, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. मेन स्टँडवर अगदी नेटकी दिसणारी चेन दोघं बसल्यावर तारेसारखी ताणली जाऊ शकते, आणि तो ताण इंजिनाच्या बेअरिंगवर जातो. म्हणून पुस्तिकेतल्या मापाने ढिलाई ठेवा आणि दोघं बसलेले असताना तिसऱ्याला खालून बोटाने चेन उचलून बघायला सांगा, थोडी तरी हलली पाहिजे. हेडलाइटही बघून घ्या. मागे माणूस बसला की दिवा वर उठतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दीड-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळा.

पहिल्या फेरीला पत्नीला लगेच लांब नेऊ नका. घराजवळचा, एक गतिरोधक आणि थोडा खराब भाग असलेला दोन-तीन किलोमीटरचा रस्ता निवडा. तीन वेळा जा, दर वेळी एक खाच बदला, पण कोणती ते त्यांना सांगू नका, नाहीतर त्या तुमचं मन राखायला ‘आता बरं आहे’ म्हणतील. वेग तिन्ही वेळा सारखा ठेवा. उतरल्यावर फक्त विचारा, यातली कोणती फेरी बरी होती. तिसरी तुम्हाला वळणावर कितीही घट्ट आणि छान वाटली असली आणि त्या ‘दुसरी’ म्हणाल्या, तर पाना काढा आणि रिंग दुसऱ्या फेरीच्या खाचेवर आणून ठेवा.